चार मिनिटे सोळा सेकंद

मुष्टियुद्धातला पराभव इतर खेळांतल्या पराभवासारखा केवळ गुणफलकावर उमटत नाही. तो हरणाऱ्याच्या देहावर घडतो आणि हजारो लोकांच्या देखत घडतो. कुस्तीत चीतपट झालेला मल्ल पाठीची माती झटकून उठतो, जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो आणि पुरत्या शुद्धीत आखाड्याबाहेर पडतो. मुष्टियुद्धात ‘नॉकआउट’ झालेल्या माणसाला मात्र पंच दहापर्यंत अंक मोजत असताना स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, आणि नियमाच्या भाषेत नॉकआउटचा अर्थही तेवढाच आहे. हे दृश्य असे काही मनात रुतून बसते, की त्या माणसाची आधीची आणि नंतरची सगळी वर्षे त्यापुढे फिकी पडतात, आणि कारकिर्दीचे मोल ठरवण्याचे जे काम सगळ्या नोंदी समोर ठेवून सावकाश करायचे, ते एका छायाचित्रावर सोपवले जाते. अमेरिकेचा हेवीवेट विजेता फ्लॉइड पॅटरसन (१९३५–२००६) याच्याविषयीचा रूढ निवाडा असाच, दोन रात्रींच्या आधाराने, दिला गेलेला आहे.

त्यांपैकी पहिली रात्र २५ सप्टेंबर १९६२ची. शिकागोतल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर पॅटरसनने आपला किताब सॉनी लिस्टनविरुद्ध पणाला लावला. हेवीवेट हा सर्वांत वरचा गट, ज्यात वजनाला वरची मर्यादाच नसते, आणि त्या गटाच्या विजेत्याला त्या काळी अमेरिकेत जे वलय होते ते क्वचितच दुसऱ्या खेळाडूला लाभत असे. एक फेरी तीन मिनिटांची आणि लढत पंधरा फेऱ्यांची ठरलेली असताना ती दोन मिनिटे सहा सेकंदांत संपली. हेवीवेट विजेता पहिल्याच फेरीत नॉकआउट होण्याचा प्रसंग त्याआधी कधी आलेला नव्हता. दहा महिन्यांनी, २२ जुलै १९६३ रोजी, लास व्हेगासमध्ये परतीची लढत झाली. या वेळी पॅटरसन तीनदा खाली पडला आणि लढत दोन मिनिटे दहा सेकंद चालली. चार सेकंदांची ही सुधारणा त्या काळच्या विनोदवीरांना पुरून उरली असणार. दोन्ही मिळून चार मिनिटे सोळा सेकंद होतात, आणि वीस वर्षांतल्या चौसष्ट लढतींचा माणूस जगाच्या स्मरणात राहिला तो प्रामुख्याने या एवढ्या वेळापुरता.

पॅटरसनच्या वारशाची फेरतपासणी करू पाहणाऱ्याने प्रथम एक मोह टाळायला हवा, आणि तो म्हणजे या दोन पराभवांना सबबी शोधण्याचा. मोठ्या खेळाडूंच्या मोठ्या पराभवांना सहसा वयाची सबब मिळते. १९५१ साली रॉकी मार्सियानोने जो लुईला दोरांबाहेर फेकले तेव्हा लुई सदतीस वर्षांचा होता, आणि त्यामुळे त्या पराभवाकडे सूर्यास्ताकडे पाहावे तसे पाहिले जाते. पॅटरसन शिकागोत सत्तावीस वर्षांचा, म्हणजे ऐन उमेदीत होता. त्याचे वजन १८९ पौंड, म्हणजे सुमारे ८६ किलो, आणि लिस्टनचे २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो. पण वजनापेक्षाही मोठे अंतर हातांच्या आवाक्यात होते. दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत जी लांबी भरते तिला आवाका म्हणतात. लिस्टनचा आवाका ८४ इंच होता आणि पॅटरसनचा ७१. पॅटरसनचा प्रशिक्षक आणि व्यवस्थापक कस डॅमाटो याने त्याला जी बचावाची ढब शिकवली होती तिला ‘पीक-अ-बू’ म्हणत, कारण तीत लहान मुलांशी ‘कुक’ खेळताना हात तोंडापुढे धरावेत तसे दोन्ही हातमोजे गालांपाशी उंच धरलेले असतात, कोपरे बरगड्यांना चिकटलेली असतात आणि डोके सतत डावीउजवीकडे झुलत असते. अशा पवित्र्यातून लढणाऱ्याला जवळ शिरावेच लागते, कारण दुरून मारता येईल असा हात तो पुढे ठेवतच नाही. लिस्टनसमोर जवळ शिरणे म्हणजे त्या तेरा इंचांच्या फरकातून मार खात जाणे, आणि जवळ पोचल्यावर ज्याचे बळ अधिक त्याच्या मिठीत सापडणे. पॅटरसनची सारी भिस्त चापल्यावर असताना त्या रात्री तो पायांचा उपयोग न करता लिस्टनला बिलगत राहिला, आणि लिस्टनने त्या मिठीतही मोकळ्या हाताने ठोसे मारले. ज्या लढतीत एकाचे शस्त्र दुसऱ्याला पोचतच नाही, तिचा निकाल दैवावर ढकलता येत नाही. लिस्टन वरचढ होता. शंभर रात्री ती लढत झाली असती तरी नव्वदांहून अधिक वेळा तोच जिंकला असता, असे मानायला जागा आहे.

मग फेरतपासणी करायची ती कशाची? येथे पॅटरसनच्या चाहत्यांना फारशी न रुचणारी एक गोष्ट मांडावी लागते, आणि ती ही की त्याच्या कारकिर्दीतला खरा कच्चा भाग लिस्टनच्या दोन रात्रींमध्ये नसून त्याआधीच्या विजयांमध्ये आहे.

हेलसिंकी येथे १९५२च्या ऑलिंपिकमध्ये मिडलवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा पॅटरसन सतरा वर्षांचा होता. मार्सियानो १९५६मध्ये अपराजित राहून निवृत्त झाला, आणि त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला शिकागोत पॅटरसनने चाळिशीच्या आसपासच्या आर्ची मूरला पाचव्या फेरीत नॉकआउट करून रिकामे झालेले विजेतेपद मिळवले. एकविसाव्या वर्षी हेवीवेट विजेता होण्याचा त्याचा हा विक्रम तीस वर्षे टिकला आणि १९८६ साली तो मोडला माइक टायसनने, म्हणजे डॅमाटोच्याच दुसऱ्या शिष्याने. इथवर सगळे भव्य आहे. त्यापुढच्या वर्षांत मात्र आव्हानवीरांची यादी पाहता पाहता विरळ होत जाते. १९५७मध्ये सिअ‍ॅटल येथे त्याच्यासमोर पीट रॅडमाकर उभा राहिला, ज्याच्याजवळ ऑलिंपिकचे सुवर्णपदक होते खरे, पण ज्याची व्यावसायिक मुष्टियुद्धातली ही पहिलीवहिली लढत होती. त्या नवख्यानेही दुसऱ्या फेरीत विजेत्याला खाली पाडले, हे पुढच्या काळाचे चिन्हच म्हणायचे. नंतर रॉय हॅरिस आला, ब्रायन लंडन आला. एडी मॅकन, झोरा फॉली, लिस्टन हे त्या काळातले खरे दावेदार दारात तिष्ठत राहिले.

डॅमाटोकडे यासाठी एक कारण होते आणि ते पोकळ नव्हते. जेम्स नॉरिसच्या ‘इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब’ या संस्थेने त्या दशकात मोठ्या लढतींवर जवळजवळ मक्ता मिळवला होता, तिच्या पाठीशी फ्रँकी कार्बोसारखे गुन्हेगारी जगातले लोक होते, आणि तिच्याशी बांधलेल्या मुष्टियोद्ध्याशी आपला शिष्य लढणार नाही असा डॅमाटोचा बाणा होता. पण तत्त्वनिष्ठा आणि सावधगिरी यांची सरमिसळ झाली, की कोणती कुठे संपते हे तत्त्वनिष्ठालाही सांगता येत नाही. आपल्या शिष्याचा जबडा कसा आहे हे डॅमाटोइतके कोणाला ठाऊक असणार?

२६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर स्वीडनच्या इंगमार योहान्सनने पॅटरसनला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडले, तेव्हा ते सगळ्यांनाच कळले. पुढचे वर्ष त्याने त्या अपमानाच्या सोबतीने काढले आणि २० जून १९६० रोजी पोलो ग्राउंड्सवर, कोपर वाकवून बाजूने आत येणाऱ्या डाव्या हाताच्या ठोशाने, ज्याला ‘हुक’ म्हणतात, योहान्सनला असे पाडले की बेशुद्ध पडलेल्या त्या माणसाचा पाय थरथरत राहिला आणि जिंकणारा पॅटरसनच त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला. गमावलेला हेवीवेट किताब परत मिळवणारा तो इतिहासातला पहिला माणूस. जिम कॉर्बेट, जेम्स जेफ्रीज, जॅक डेम्प्सी आणि जो लुई या सगळ्यांनी तो प्रयत्न करून पाहिला होता आणि सगळे अपयशी ठरले होते. याच ठिकाणी थांबला असता, तर पॅटरसनचा लौकिक आजच्यापेक्षा बराच उजळ राहिला असता; पण तो थांबला नाही, आणि हे त्याच्याविषयीच्या मुख्य पुराव्यांपैकी एक आहे.

लिस्टनशी लढावे असे पॅटरसनच्या भोवतालच्या जवळजवळ कोणालाच वाटत नव्हते. डॅमाटोचा विरोध होता. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांमधल्या लोकांना, सशस्त्र दरोड्यासाठी तुरुंगात गेलेला आणि गुन्हेगारांच्या मुठीत असलेला लिस्टन विजेता झाला तर चळवळीला बट्टा लागेल, अशी धास्ती होती. अध्यक्ष केनेडी यांनीही व्हाइट हाउसमध्ये पॅटरसनची भेट घेऊन लिस्टनविषयीची आपली नापसंती लपवली नव्हती. इतक्या लोकांनी नको म्हटलेली लढत पॅटरसनने स्वतःच्या निर्णयाने घेतली, कारण लिस्टनने शिक्षा भोगून संपवली आहे, तो सर्वांत लायक आव्हानवीर आहे आणि त्याला टाळून मिरवलेला किताब खोटा आहे, अशी त्याची भूमिका होती. संरक्षक तटबंदी त्याने स्वतःच्या हाताने पाडली आणि लगोलग तो ढिगाऱ्याखाली सापडला. पण डॅमाटोच्या निवडीने जपलेला विजेता तिथे संपला आणि कोणाशीही लढायला तयार असलेला मुष्टियोद्धा तिथून सुरू झाला, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

यानंतरची नऊ वर्षे बारकाईने पाहावीत अशी आहेत. १९६४च्या जुलैमध्ये स्टॉकहोम येथे त्याने एडी मॅकनला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवले. विजेता असताना ज्याला टाळले होते, त्याचे देणे विजेतेपद गेल्यावर चुकते केले. १९६५च्या फेब्रुवारीत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॅनडाच्या जॉर्ज शुव्हालोशी, म्हणजे कारकिर्दीत कधीही खाली न पडलेल्या माणसाशी, त्याने बारा फेऱ्या झुंज दिली आणि ती जिंकली. ‘द रिंग’ मासिकाने तिला त्या वर्षाची सर्वोत्तम लढत ठरवले. १९६६मध्ये लंडनला जाऊन त्याने हेन्री कूपरला चौथ्या फेरीत नॉकआउट केले. १९६७मध्ये जेरी क्वारी या दहा वर्षांनी लहान असलेल्या जोरकस मुष्टियोद्ध्याशी तो दोनदा लढला, एकदा बरोबरी झाली आणि एकदा थोडक्यात हार झाली. १९६८मध्ये स्टॉकहोमला जिमी एलिसविरुद्ध पंधरा फेऱ्यांनंतर एकट्या पंचाने एलिसच्या बाजूने कौल दिला, आणि तो निर्णय आजही पुष्कळ जाणकारांना पटत नाही. तो उलटा लागता, तर पॅटरसन तिसऱ्यांदा किताबाचा धनी झाला असता. दोन वर्षांच्या खंडानंतर तो परतला आणि १९७२मध्ये, सदतिसाव्या वर्षी, अर्जेंटिनाच्या धिप्पाड ऑस्कर बोनाव्हेनाला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले. मॅकन, शुव्हालो, कूपर, क्वारी, एलिस, बोनाव्हेना ही नावे रॅडमाकर, हॅरिस आणि लंडन यांच्या शेजारी ठेवली, की विजेत्या पॅटरसनपेक्षा पराभूत पॅटरसनची नोंद अधिक भरीव आहे हे मान्य करावेच लागते.

याच काळात मुहम्मद अलीविरुद्धचे दोन पराभवही येतात. २२ नोव्हेंबर १९६५ रोजी लास व्हेगासमध्ये झालेली लढत पाहवत नाही अशी होती. पॅटरसन अलीला त्याने टाकून दिलेल्या ‘क्ले’ या नावानेच हाक मारत होता, ‘ब्लॅक मुस्लिम’ पंथाच्या हातून किताब अमेरिकेला परत मिळवून देण्याची भाषा करत होता, आणि अली त्याला गोऱ्यांचा बगलबच्चा ठरवत होता. लढतीत पॅटरसनची पाठ धरली, तो वाकून चालू लागला, आणि अलीने, जो केव्हाही लढत संपवू शकला असता, ती बाराव्या फेरीपर्यंत लांबवली. या प्रकरणात पॅटरसनचे शब्द आज कानाला खटकतात आणि ते खटकायलाच हवेत. मात्र पुढच्याच वर्षी, १९६६च्या ऑगस्टमध्ये, ‘एस्क्वायर’ मासिकात गे टलीझ या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिलेल्या लेखात त्याच पॅटरसनने अलीच्या मतस्वातंत्र्याची बाजू घेतली. ज्याने आपला छळ केला त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी लिहिणारा हा माणूस त्या लेखातही त्याला ‘क्ले’च म्हणत राहिला, हट्ट आणि न्यायबुद्धी एकाच देहात किती निवांतपणे नांदू शकतात!

पराभवांची यादीच एकदा सरळ वाचून पाहावी. ५५ विजय, ८ पराभव, १ बरोबरी अशी पॅटरसनची नोंद आहे. हे आठ पराभव सहा माणसांनी केले: जोई मॅक्सिम, योहान्सन, लिस्टन, अली, क्वारी आणि एलिस. यांपैकी क्वारी सोडला तर पाचही जण कधी ना कधी जागतिक विजेतेपदाचे मानकरी होते. म्हणजे दुय्यम दर्जाच्या माणसाकडून पॅटरसन हरला, अशी एकही नोंद नाही. शिवाय हरणाऱ्याचे मोल जिंकणाऱ्याच्या मोलाशी बांधलेले असते आणि तेही बदलत राहते. १९६२मध्ये लिस्टन हा लोकांच्या लेखी एक गुंड होता, आणि गुंडाकडून दोन मिनिटांत मार खाणे ही नामुष्कीच. आज मात्र मुष्टियुद्धाचे अभ्यासक लिस्टनला या गटातल्या सर्वांत भेदक ठोसेबाजांत गणतात. एका पराभवावरूनच ओळखले जाणे मायकेल स्पिंक्सच्याही वाट्याला आले. १९८८मध्ये टायसनने त्याला ९१ सेकंदांत संपवले, आणि तीन वर्षांपूर्वी लॅरी होम्सला हरवणारा, तोवर एकदाही न हरलेला मुष्टियोद्धा त्या ९१ सेकंदांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मराठी भाषेने तर एका गावाच्या नावाचे पराभववाचक सामान्यनामच करून टाकले आहे; कोणाचेही कुठेही ‘पानिपत’ होऊ शकते, पण १७६१नंतर दहाच वर्षांनी मराठी फौजा पुन्हा दिल्लीत पोचल्या होत्या, याला मात्र शब्द मिळालेला नाही.

वजनाचाही विचार करायला हवा. १९८०च्या सुमारास हेवीवेटच्या खाली ‘क्रूझरवेट’ हा नवा गट निर्माण झाला, ज्याची वरची मर्यादा आज २०० पौंड आहे. शिकागोतला १८९ पौंडांचा पॅटरसन आजच्या नियमांनुसार या गटात बसला असता आणि लिस्टनच्या वाऱ्यालाही त्याला उभे राहावे लागले नसते. अर्थात हा तर्क फार ताणू नये, कारण मार्सियानोही त्याच वजनाचा होता आणि त्याने कोणाकडूनही हार खाल्ली नाही. एवढेच म्हणता येते, की झेप घेऊन मारलेला पॅटरसनचा डावा हुक आणि हातांची गती या गोष्टी हेवीवेटमध्ये दुर्मीळ होत्या, आणि ज्या शरीरयष्टीने त्या शक्य केल्या तिनेच त्याची कमाल मर्यादाही ठरवून टाकली.

पॅटरसनवर जे लिहिले गेले त्यातला मोठा भाग मात्र ठोशांविषयी नसून त्याच्या लाजेविषयी आहे. शिकागोतल्या लढतीआधीच त्याने खोटी दाढी आणि मिशा तयार करवून घेतल्या होत्या. हरल्यावर त्या लावून तो रातोरात मोटारीने न्यूयॉर्ककडे निघाला, आणि पुढे त्याच वेषात, लंगडत, माद्रिदला जाऊन राहिला. ब्रुकलिनमधल्या दरिद्री बालपणी तो भुयारी रेल्वेच्या एका स्थानकातल्या अवजारांच्या अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास लपून बसत असे आणि घरातल्या छायाचित्रात स्वतःच्या चेहऱ्यावर त्याने फुल्या मारल्या होत्या. ती खोली, ती दाढी आणि गालांवर धरलेले ते हातमोजे यांची एक संगती लागते, आणि ती इतकी मोहक आहे की तिच्याविषयी सावध राहिलेले बरे. टलीझने १९६४ साली त्याच्यावर लिहिलेल्या गाजलेल्या लेखाचे नावच ‘हरलेला’ अशा अर्थाचे आहे, आणि त्यात पॅटरसन स्वतःला भित्रा म्हणवून घेतो. वाचक हळवा होतो, आणि हळव्या वाचकाने केलेली फेरतपासणी म्हणजे एका चुकीच्या निवाड्याच्या जागी दुसरा चुकीचा निवाडा, कारण मग पॅटरसन चांगला माणूस म्हणून मोठा ठरतो आणि चांगला मुष्टियोद्धा म्हणून त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. मोठ्या लढतींत त्याच्याइतके वेळा खाली पडलेला हेवीवेट विजेता शोधून सापडणे कठीण. पण सर्वांत जास्त वेळा उठलेलाही आपणच, असे तो सांगत असे, आणि यातला दुसरा भाग भावनेचा नसून नोंदीचा आहे. योहान्सनविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत, १९६१ साली, तो पहिल्याच फेरीत दोनदा पडला आणि सहाव्या फेरीत जिंकला.

शेवटची लढत २० सप्टेंबर १९७२ रोजी, पुन्हा अलीशीच, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली आणि डोळ्याला जखम झाल्यामुळे सातव्या फेरीनंतर थांबवली गेली. त्यानंतर पॅटरसन न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पॉल्झ या गावी स्थायिक झाला, तिथे मुलांना मुष्टियुद्ध शिकवू लागला, आणि तिथेच शिकायला आलेला ट्रेसी हा मुलगा त्याने दत्तक घेतला, जो १९९२ साली स्वतः जागतिक विजेता झाला. १९९५मध्ये पॅटरसनची न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाच्या, म्हणजे मुष्टियुद्धाचे नियमन करणाऱ्या सरकारी मंडळाच्या, अध्यक्षपदी नेमणूक झाली. १९९८च्या मार्चमध्ये एका खटल्यात वकिलांनी त्याची तासन्‌तास साक्ष नोंदवली. आयोगातल्या सहकाऱ्यांची नावे त्याला सांगता आली नाहीत. मग त्याला विचारण्यात आले, की पहिल्यांदा विजेतेपद मिळाले ते कोणाला हरवून; शिकागोतली १९५६ची ती रात्र, जिने घडवलेला त्याचा विक्रम तीस वर्षे टिकला, ती आणि आर्ची मूरचे नाव त्याला आठवले नाही. आपण दमलो की विचार करणे जड जाते, असे त्याने वकिलांना सांगितले, आणि थोड्याच दिवसांत राजीनामा दिला.